दुसरा मजला, लिफ्ट नाही : पुण्यातल्या बिबवेवाडीच्या फ्लॅटच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४

वही आजपासून सुरू. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिते, हा आपला.

बेत भाऊजींचा. बारा वर्षं लोकांच्या घरांची फर्निचरची, रिनोव्हेशनची कामं घेतात. म्हणाले, "वहिनी, आपण घर चकचकीत करून देतो आणि मालक महिन्याभरात चार-पाच लाख जास्त घेऊन विकून मोकळा होतो. आपल्याला मिळते मजुरी, तीही थकवून." जुना फ्लॅट घ्यायचा, तीन महिन्यांत नीट करायचा, विकायचा. नाहीच विकला तर भाड्याने द्यायचा. कागद आणि पैसा माझ्याकडे, काम त्यांच्याकडे. नफा निघाला तर साठ-चाळीस. ह्यांनी एकच अट घातली, राहत्या घराला हात लावायचा नाही. मान्य.

१५ डिसेंबर

बाणेरच्या एका हॉटेलात 'गुंतवणूकदार मेळावा' होता, जाऊन आलो. समोसा चांगला होता. साठेक माणसं असतील, प्रत्येकाच्या हातात व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा. विकायला सगळेच आलेले, घ्यायला बहुतेक फक्त आम्ही. एकाने प्री-लाँचचं बुकिंग गळ्यात मारायचा प्रयत्न केला. महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा) नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणे, "येतोय, प्रोसेसमध्ये आहे." नोंदणीच्या आधी बुकिंगचे पैसे घेताच येत नाहीत. एवढं मला ठाऊक आहे, तर त्याला असणारच.

घरी येताना भाऊजींनी कार्डं मोजली, एकतीस. मी म्हटलं, ह्यातल्या एकालाही बिबवेवाडीतल्या कुठल्या बिल्डिंगमध्ये पाणी गळतं ते सांगता येणार नाही.

२२ डिसेंबर

मग ज्यांना सांगता येतं अशांची यादी केली. सोसायट्यांचे हिशेब लिहिणारे एक काका आमच्या ऑफिसच्या ऑडिटरकडे यायचे. चाळीसेक सोसायट्यांची दप्तरं त्यांच्याकडे आहेत. भाऊजींचा प्लंबर. रंगाच्या दुकानाचा मालक, कारण रंग घ्यायला आलेला माणूस घर विकायचं आहे की मुलाचं लग्न आहे ते न विचारताच सांगतो. बँकेतून निवृत्त झालेले आमच्या मजल्यावरचे काका. माझ्या भिशीतल्या अकरा जणी. एजंट दोनच, दोघेही महारेरा नोंदणीवाले.

हिशेबवाल्या काकांना फोन केला. म्हणाले, "थकबाकीदारांची नावं मी सांगणार नाही. पण कोणी आपणहून म्हणालं, विकायचंय, तर तुमचा नंबर देईन." माणूस आवडला.

५ जानेवारी २०२५

मधल्या काळात बँकेच्या लिलावातला एक फ्लॅट पाहिला, धनकवडीत. राखीव किंमत बाजारापेक्षा सहा लाखांनी कमी. भाऊजी तयार. शेजारच्या बँकवाल्या काकांनी जाहिरात घेतली, चष्मा लावला आणि 'सांकेतिक ताबा' या दोन शब्दांवर बोट ठेवलं. म्हणजे कागदावर ताबा बँकेचा, आत कर्जदार सहकुटुंब राहतोय. त्याला बाहेर काढायचं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग वाट. शिवाय सरफेसीच्या, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखालच्या, लिलावात बोली लागली की २५ टक्के लगेच आणि उरलेले ७५ टक्के पंधरा दिवसांत. पंधरा दिवसांत आम्हाला गृहकर्ज कोण देणार? जाहिरातीत 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे' असं लिहिलेलं असतं. गळती, थकलेला मेंटेनन्स, थकलेला कर, सगळं आपल्या गळ्यात.

त्या फ्लॅटच्या दारावर रांगोळी होती. भाऊजीही मग काही बोलले नाहीत.

१९ जानेवारी

हिशेबवाल्या काकांचा फोन. बिबवेवाडी, १९९३ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, वन बीएचके, ५६० चौरस फूट बिल्टअप. दोन भाऊ विकतायत, आईवडील गेले, घर दोन वर्षं बंद.

संध्याकाळी पाहून आलो. बाथरूमच्या भिंतीला ओल, खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला तिचाच नकाशा. कडप्प्याचा ओटा. जीआय पाइप गंजून आतून बोटभर उरलेले. पण फरशी! जुनं मोझॅक, एकही तुकडा फुटलेला नाही. गॅलरी पूर्वेला. भाऊजींनी भिंतीवर टकटक करून पाहिलं आणि मला डोळ्यांनी खूण केली. मी मात्र मालकांसमोर तोंड वाकडं ठेवलं.

मागतायत ४४ लाख.

२६ जानेवारी

नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर बसून त्याच इमारतीचे आणि शेजारच्या दोन इमारतींचे गेल्या दोन वर्षांतले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या सौद्यांचे उतारे, पाहिले. नीट ठेवलेले फ्लॅट ४७-४८ला गेलेत. एजंट तोंडाने ५५ सांगतात. मधला फरक हवेचा.

अंदाज असा मांडला: ४१ला मिळाला आणि नीट करून ५३ला गेला, तर सगळा खर्च वजा जाता अडीच-तीन लाख. ४४ला घेतला तर शून्य. भाऊजींना कागद दाखवला. म्हणाले, "म्हणजे नफा घेतानाच व्हायला हवा, विकताना नाही." बरोबर.

२ फेब्रुवारी

४१ वर ठरलं. तीन बैठका, सात चहा. गळतीचे फोटो कामी आले.

वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी खोच काढली. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव थोरल्या भावाचं, कारण वडिलांनी नॉमिनी त्याला केलं होतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता विश्वस्त. वारस तिघं आहेत. बहीण ऑकलंडला असते, हे आत्तापर्यंत आमच्यासमोर कोणी बोललंच नव्हतं. "तिचं काही म्हणणं नाही हो," इति थोरले. म्हणणं नसेल तर ते कागदावर येऊ द्या.

आणि ती थेट विक्रेती म्हणून आली तर दुसरीच भानगड. अनिवासी विक्रेत्याचे पैसे देताना मोठा टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, त्यासाठी मला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागेल. निवासी विक्रेता असता तर ५० लाखांच्या आत कापायचंच नसतं. म्हणून आधी बहिणीने भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं, मग भावांनी मला विकायचं. ती येऊ शकत नाही, तर कुलमुखत्यारपत्र. ते तिथल्या आपल्या वकिलातीतून साक्षांकित होऊन येणार, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचा.

८ फेब्रुवारी

काल रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, पाव टक्क्याने उतरवला, ६.२५. निवृत्त काकांनी जिन्यात पेढा दिला. त्यांना कर्ज नाही, पण सवय.

१६ फेब्रुवारी

पैशांचा रविवार.

बँकेने मूल्यांकन केलं ३९ लाख. करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतली जी कमी ती धरतात. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के, म्हणजे ३१ लाख २० हजार. मंजूर ३१. आम्ही ४१च्या ऐंशी टक्क्यांवर गणित करत होतो, तिथेच पावणेदोन लाखांचा खड्डा. आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी घराच्या किमतीत धरत नाहीत. ते सगळं खिशातून.

लागणार: मार्जिन (किमतीतला आपला वाटा) १० लाख, मुद्रांक-नोंदणी-वकील-बँक मिळून सव्वातीन, काम ४ लाख ८०, हाताशी तीन हप्ते. एकोणीस लाख धरले.

माझ्या ठेवी मोडून आठ. भाऊजी चार. आमच्या कंपनीच्या पगारदार पतसंस्थेतून तीन, पगारातून महिना साडेसहा हजार कपात. ही कपात बँकेच्या माणसाला आधीच सांगितली. न सांगता पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात दिसली असती तर तोंड दाखवायला जागा नव्हती. पात्रता थोडी घटली, पण ३१ बसले.

उरले चार.

१८ फेब्रुवारी

आत्याकडे गेले. सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, वय ७४. बोलायला शब्द सापडेनात म्हणून आधी तिची भाजी निवडून दिली. मेथी. शेवटी तीच म्हणाली, "अगं, पैसे हवेत ना? किती?"

चार लाखांची तिची ठेव मार्चमध्ये संपतेय. नऊ टक्के द्यायचे ठरलं, ठेवीपेक्षा बरे. "पण लक्ष्मीपूजनाच्या आधी मला परत हवेत. त्या दिवशी पासबुक पूजेत ठेवते मी, रिकामं ठेवणार नाही." हसत म्हणाली, पण तारीख तारीखच. चिठ्ठी लिहिली, दोघींनी सही केली, व्यवहार खात्यातून खात्यात. रोखीने वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज घेता येत नाही, आणि घेतलं तर दंड तेवढ्याच रकमेचा. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या आजोबांनी गावचं घर नुसत्या शब्दावर विकलं." मी म्हटलं, म्हणूनच आपल्याकडे ते राहिलं नाही.

भाऊजींबरोबरही पाचशेच्या मुद्रांकावर समजुतीचा करार केला. ते नाराज झाले. "वहिनी, आपल्यात कागद?" आपल्यात आहे म्हणूनच कागद.

१३ मार्च

हक्कसोडपत्र नोंदलं गेलं. ऑकलंडचं पाकीट यायला तीन आठवडे लागले.

दरम्यान सोसायटीकडे हस्तांतरासाठी गेलो, तर कमिटीने 'विकास निधी' म्हणून दीड लाख मागितले. २००१च्या शासन परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत हस्तांतर शुल्काची कमाल मर्यादा २५ हजार. परिपत्रकाची प्रत हिशेबवाल्या काकांनीच दिली होती. मी भांडले नाही. प्रत टेबलावर ठेवली आणि म्हटलं, पावती कोणत्या नावाने देता ते लिहून द्या, आमच्या ऑडिटरला लागते. २५ हजारांची पावती मिळाली. अर्धे आमचे, अर्धे विक्रेत्यांचे.

२७ मार्च

नोंदणी झाली. एक एप्रिलपासून रेडी रेकनर (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेले घरांचे दर) वाढणार अशी कुजबुज असल्याने दुय्यम निबंधक कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. नऊला टोकन घेतलं, अंगठा उमटला पावणेचारला.

माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. पुण्यात सात टक्के मुद्रांक, खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर सहा. म्हणजे ४१ हजार वाचले. ही सवलत २०२१ला आली तेव्हा पंधरा वर्षं तो फ्लॅट पुरुषाला विकायचा नाही अशी अट होती. ती २०२३ला काढली. अट असती तर आमचा बेत तिथेच आडवा.

आजवरचं: किंमत ४१,००,०००. मुद्रांक २,४६,०००. नोंदणी ३०,०००. वकील १२,०००. बँकेची फी आणि गहाणाचा ०.३ टक्के मुद्रांक मिळून २१,०००. सोसायटी १२,५००. एकूण ४४,२१,५००. हिशेबवाल्या काकांनी दलाली घेतली नाही. "मी एजंट नाही. नोंदणी नसताना घेऊ कशी?"

१ एप्रिल

रेडी रेकनर राज्यभर सरासरी ४.३९ टक्क्यांनी वाढला. भाऊजींनी नारळ फोडला आणि त्याच हाताने ओटा.

२० एप्रिल

तोडफोड संपली. राडारोडा टाकायला टेम्पोच्या तीन खेपा. सोसायटीचा नियम, काम सकाळी नऊ ते सहा, दुपारी दोन ते चार आवाज नाही. त्यामुळे गवंडी दिवसाचे पैसे घेतो आणि काम पाऊण दिवसाचं होतं.

बाथरूमचा जुना कोबा काढला. खाली स्लॅबची सळई उघडी पडली, गंजलेली. बजेटात नव्हतं. सळई घासून रसायन लावलं, मग वॉटरप्रूफिंग, ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, आणि चार दिवस पाणी भरून ठेवलं. रोज सकाळी ऑफिसला जाताना खालच्या आजींची बेल वाजवून छत बघत होते. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "गळलं नाही तर येणार नाहीस का आता?"

आजी कामाच्या निघाल्या. पूर्ण इमारतीत कोण भाडेकरू शोधतंय, कोणाचा मुलगा घर बघतोय, सगळं तोंडपाठ. यादीत नाव घातलं.

११ मे

जीआयच्या जागी सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप, नवं वायरिंग, फ्यूजच्या जागी एमसीबी. ग्रॅनाइटचा ओटा. फरशीवरून वाद झाला. भाऊजींना व्हिट्रिफाइड टाइल्स हव्या होत्या, "गिऱ्हाईक आधी खाली बघतं." मी म्हटलं, मोझॅकला पॉलिश करा. सत्तर हजारांच्या जागी चौदा हजार. पॉलिश झाल्यावर भाऊजी उकिडवे बसून दहा मिनिटं फरशीकडे बघत होते. हरल्याचं कबूल केलं नाही.

प्रत्येक बिल माझ्या नावावर, प्रत्येक पैसा खात्यातून. विकताना भांडवली नफा काढायचा तर सुधारणेचा खर्च बिलाशिवाय धरता येत नाही. 'कच्चं बिल' म्हणणाऱ्या एका दुकानातून उठून आले. आणि चोवीस महिन्यांच्या आत विकलं तर नफा अल्पकालीन, माझ्या पगारात मिळवून माझ्या स्लॅबने कर. चोवीस महिन्यांनंतर साडेबारा टक्के. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण अडीच लाखांच्या अंदाजात कर धरलाच नव्हता, हे आज वही चाळताना लक्षात आलं. हिशेब लिहिणाऱ्या बाईची ही गत.

२७ मे

काल मान्सून पुण्यात पोचला. मे महिन्यात! त्याआधीचा आठवडाभरही पाऊसच. पुट्टी वाळत नाही, रंगारी घरी बसलाय, बँकेचा हप्ता बसत नाही. २७,४०० रुपये, पावणेनऊ टक्क्यांनी, त्यातले पहिल्या महिन्याला साडेबावीस हजार नुसतं व्याज.

७ जून

रेपो काल एकदम अर्ध्या टक्क्याने खाली, साडेपाच. एप्रिलमध्येही पाव उतरला होता. दर तीन महिन्यांनी कर्जाचा दर नव्याने लागतो, त्या रीसेटला आमचा दर आठवर येईल. बँक आपणहून मुदत कमी करते, हप्ता तेवढाच ठेवते. मला मुदतीचं काय करायचंय, मला महिना सुटायला हवा. २०२३च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार निवड कर्जदाराची. अर्ज दिला. हप्ता होईल २५,९०० च्या आसपास.

खर्च बजेटाच्या पुढे गेला. या महिन्याच्या भिशीची चिठ्ठी दुसरीच्या नावाची निघाली, तिच्याशी पाळी बदलून घेतली. एक लाख वीस हजार. तिला माझा डिसेंबर मिळेल. कुठल्या बँकेत ही सोय आहे?

२९ जून

काम पूर्ण. ५,३५,०००. अंदाजापेक्षा ५५ हजार जास्त आणि महिनाभर उशीर. खिडक्यांतून ऊन आलं की घर असं दिसतं की आपणच राहायला यावं.

किंमत लावली ५३.

२० जुलै

अकरा जणांनी पाहिलं. नऊ जण जिना चढतानाच हरले होते. वरती येऊन धापा टाकत विचारतात, "लिफ्ट होणार आहे का?"

एक व्यापारी गृहस्थ ५१ द्यायला तयार. करार ४३चा, बाकी रोख. भाऊजींचे डोळे चमकले. मी म्हटलं, आठ लाख रोख मी कुठल्या वहीत लिहू? जमिनीच्या, घराच्या व्यवहारात वीस हजारांच्या वर रोख घेतली की दंड तेवढाच. वर आत्याचे, बँकेचे पैसे खात्यातूनच द्यायचेत. गृहस्थ जाताना म्हणाले, "ताई, असा धंदा होत नसतो." नसेल होत.

१७ ऑगस्ट

जोडपं आलं, लग्नाला सहा महिने झालेले, दोघंही नोकरीवाले. तिला मोझॅक आवडली. (भाऊजी हजर होते, ऐकलं त्यांनी.) ५१ लाख ५० हजारांवर ठरलं, टोकन एक लाख चेकने. गणपतीनंतर करार.

१२ सप्टेंबर

त्यांच्या बँकेचं मूल्यांकन ४६. म्हणजे कर्ज ३६ लाख ८० हजार, आणि वरचे पावणेपंधरा लाख अधिक सात टक्के मुद्रांक त्यांनी उभे करायचे. फेब्रुवारीत मी जिथे उभी होते तिथे आता ती पोरं. त्यात पितृपक्ष सुरू, मुलाचे वडील म्हणतात या पंधरवड्यात सही नाही.

१७ सप्टेंबर

त्यांचं जमलं नाही. टोकन परत मागितलं, तेही चाचरत.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, टोकन परत द्यायचं नसतं. महिना अडकवला त्यांनी आपल्याला." खरं आहे, महिन्याच्या व्याजाचे वीस हजार तर गेलेच. पण चिठ्ठीवर मीच लिहिलं होतं, 'कर्ज न झाल्यास परत'. पूर्ण लाख परत केला. भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत. रिटर्न गिफ्ट म्हणून त्या मुलीने दाराशी तुळशीचं रोप ठेवलं होतं, ते भाऊजींनीच गॅलरीत नेऊन ठेवलं.

२१ सप्टेंबर

रात्री मांडलेला हिशेब:

घर आणि कागद ४४,२१,५००. काम ५,३५,०००. सहा महिन्यांचं बँकेचं आणि आत्याचं व्याज, मेंटेनन्स १,६१,०००. एकूण ५१,१७,५००. ५१ लाख ५० हजारांना गेला असता तरी एजंटचा एक टक्का वजा जाता हातात ५०,९८,५००. एकोणीस हजार तोटा, तोही सौदा झाला असता तर. पतसंस्थेचं व्याज यात धरलेलंच नाही. मन झालं नाही.

चूक कामात नव्हती. घेताना सहा टक्के मुद्रांक, विकताना एक टक्का दलाली, मध्ये महिन्याला पाच-साडेपाचशे रुपये लाखामागे, हा डोंगर चढायलाच किंमत सव्वापट व्हायला हवी होती. आम्ही किंमत पाहिली, तारखा पाहिल्या नाहीत. बँकेची तारीख पाच, पतसंस्थेची एक, भिशीची डिसेंबर, आत्याची लक्ष्मीपूजन. फ्लॅटला मात्र कुठलीच तारीख नाही.

उद्या घटस्थापना. उद्यापासून सिमेंटवरचा जीएसटीही २८ वरून १८ होतोय. आमचा कोबा घालून झाल्यावर.

२२ सप्टेंबर

भाड्याने द्यायचं ठरलं. निदान चोवीस महिने.

भाऊजींचे चार लाख अडकले, ते बोलले नाहीत पण टेम्पोचा हप्ता त्यांनाही आहे. समजुतीच्या करारावर दुसरा कागद जोडला: नफ्यातला वाटा गोठवला, तोवर चार लाख हे कर्ज, नऊ टक्क्यांनी, महिना तीन हजार. या वेळी कागद त्यांनीच आणला.

५ ऑक्टोबर

भिशीतल्या एकीची भाची आणि तिचा नवरा. ती फिजिओथेरपिस्ट, जिना तिला आवडला, "रोजचा व्यायाम." दाखवायला नेलं तेव्हा खालच्या आजींनी त्यांची आधीच उलटतपासणी घेतली होती. भाडे १७ हजार, अनामत ५१ हजार. एजंट नाही.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, ऑनलाइन, मुद्रांक ५००, नोंदणी १,०००. ओळखीचे आहेत म्हणून नोंदणी टाळा, असं दोघांनी सुचवलं. राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरून चालतात. पोलिसांकडे माहितीही भरली.

आणखी दोन बारीक गोष्टी. सोसायटी आता बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) लावेल, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, आमच्या बाबतीत महिना १२० रुपये. आणि महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत असते, ती भाड्याने दिल्यावर नाही. कर वाढला.

१६ ऑक्टोबर

पाच दिवसांवर लक्ष्मीपूजन. आत्याचे चार लाख मुद्दल, एकवीस हजार व्याज.

टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मागितलं तर बँक म्हणते आधी बारा हप्ते होऊ द्या. मग कपाटातून पाटल्या आणि तोडे काढले, पाच तोळे. सोन्यावर पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. एप्रिलमध्येच तोळ्याने लाख गाठला होता, आता तर विचारूच नका. चार लाख पाऊण तासात खात्यात. ना मूल्यांकनाला माणूस आला, ना ऑकलंडहून पाकीट. फ्लॅटने दहा महिन्यांत घाम काढला आणि या पाटल्या कपाटात पडल्यापडल्या निम्म्याहून जास्त वाढल्या. भाऊजींना सांगितलं नाही, उगाच नवा बेत काढतील.

१८ ऑक्टोबर

आत्याने पासबुक भरून आणलं, आकडा दोनदा वाचला. मग माझ्या मनगटाकडे बघितलं. "पाटल्या कुठायत?"

लॉकरमध्ये, म्हटलं. एका अर्थी खरं, लॉकर बँकेचा.

"पुढच्या वर्षी लागले तर पुन्हा ये," म्हणाली. "पण तारीख घेऊन ये."

१४ डिसेंबर

महिन्याचं चित्र. जातात: बँक २५,९००, पतसंस्था ६,५००, सोनं ३,०००, भाऊजी ३,०००, मेंटेनन्स आणि कर मिळून अडीचेक हजार. येतात: १७,०००. दरमहा चोवीस हजारांच्या आसपास खिशातून. पगारात बसतं, दिवाळीचा बोनस सोन्यावर गेला. ५ तारखेला रेपो आणखी पाव उतरला, ५.२५. रीसेट झाला की चार-पाचशे सुटतील. भिशी चुकती झाली.

भाडेकरणीचा फोन आला होता, गिझरचा एमसीबी पडतोय. भाऊजी गेले, नीट करून आले, पैसे लावले नाहीत. येताना खालच्या आजींनी त्यांना थांबवलं. पहिल्या मजल्यावरचे, समोरचे, मुलाकडे बंगळूरला चाललेत. वन बीएचके, तसाच. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

"पहिला मजला आहे, वहिनी. वीस पायऱ्या कमी."

मी विचारलं, वारस किती?

रविवारी बघायला जातोय.